बंगाली अर्थाचा अभिमान

भवानीपूर, कलकत्ता
११ नोव्हेंबर १९७०

कुमारी मंदाकिनी यांस,

माझं सगळं नेमकं कधी बदललं ते मला आता सांगता येतं. तू दमदमला विमानात चढलीस तेव्हा नाही. मी कॉलेज सोडलं तेव्हाही नाही. काल दुपारी पोस्टमन तुझा एरोग्राम टाकून गेला, आणि त्याच्या शेवटच्या घडीत ही ओळ होती: "जावं की न जावं असं माझं चाललं होतं, तेवढ्यात तुझी चिठ्ठी आली, 'मला तुझा फार अभिमान झाला आहे.' मराठी नेहमीसारखंच बंगाली वळणाचं, पण मी रडले आणि इकडे दत्तूदादाला होकाराची तार करून टाकली."

मंदा, त्या चिठ्ठीत मी 'जाऊ नकोस' असं लिहिलं होतं!

तू पुण्याची. तुमच्याकडे अभिमान म्हणजे छाती फुगणं. मी मराठी घरातला, पण या गल्लीत जन्मलो, इथली पोरं जे बोलतात ते बोलत वाढलो. इथं अभिमान म्हणजे आपल्याच माणसानं दुखावलं म्हणून तोंड फिरवून बसणं. राग नव्हे. राग कुणावरही काढता येतो, अभिमान परक्यावर करता येत नाही. ताट सरकवायचं आणि कान दाराकडे ठेवायचे, कुणी समजूत काढायला येतंय का म्हणून. मराठीत याला शब्द नाही. रुसवा म्हणशील, पण रुसवा पोरकटांचा. मला वाटलं, शब्द दोन्हीकडे तोच आहे तर अर्थही तोच असणार.

चिठ्ठी पाठवली आणि मी घरात बसून राहिलो, तू समजूत काढायला येशील म्हणून. आणि तू आलीस ती मिठाईचा पुडा घेऊन! दारातूनच म्हणालीस, "किती मोठ्या मनाचा आहेस रे तू." मला वाटलं, ही आता जखमेवर मीठ चोळतेय. म्हणून दमदमला आलो नाही. म्हणून तीन महिने पत्र नाही. तू समजत होतीस की मी नोकरी शोधण्यात गुंतलोय.

याआधी तुझ्या अप्पांसमोरही माझं हेच झालं होतं. बँकेचे एवढे मोठे अधिकारी, बदली होऊन कलकत्त्याला आलेले, मी पहिल्यांदाच तुमच्या घरी आलेला. "सध्या काय करता?" म्हणाले. मी म्हणालो, "नोकरीची चेष्टा करतोय." बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, एवढं त्यांना कलकत्त्यात दोन वर्षं काढून कळू नये? "नोकरीची चेष्टा! वा. आणि शिक्षण?" मी घाबरून म्हणालो, "शिक्षा अर्धवट सोडली." त्यांनी चष्मा काढला. "कुठल्या तुरुंगात होतात?" तू आतल्या खोलीत हसत होतीस. पदर तोंडात धरला होतास, तरी मला ऐकू येत होतं.

तेव्हा हसलीस ते ठीक. पण या एका शब्दानं मी माझ्याच हातानं तुला कॅनडात पाठवलं. तर आता खरा अर्थ घे: मी दुखावलो होतो. तू जायला नको होतंस. परत ये.

दिगंबर

ता.क. माझा अभिमान अजून गेलेला नाही. बंगाली अर्थाचा.


कलकत्ता
२० डिसेंबर १९७०

मंदा,

तुझं उत्तर पोचलं. "चूक लिहिणाऱ्याची असेल, पण वाचलं मी. मला तेच वाचायचं होतं, आणि ते दुसऱ्या कुणीच लिहीत नव्हतं." हे वाचून भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. आपटलं नाही, पलीकडे बाबांची शिकवणी चालली होती.

आणि त्या परीक्षेचं तू जे लिहिलंस तो अन्याय आहे. अख्खा हॉल मांडीवर पुस्तकं उघडून लिहीत होता, पर्यवेक्षक खिडकीतून ट्राम बघत होते, मी पेपर फाडून बाहेर आलो. ही तत्त्वाची गोष्ट आहे. तू लिहितेस, "पेपर येत असता तर फाडला असतास का?" मला दोन प्रश्न येत होते. पूर्ण दोन.

ते जाऊ दे. मला एक सांग, तुम्ही लोक का जाता? मी भांडत नाहीये, खरंच विचारतोय. बरं, भांडतोय. आपल्या महाराष्ट्र मंडळात या गणपतीत झांजा धरायला तरुण पोरगा मिळेना. एक ह्यूस्टनला, एक बर्मिंगहॅमला, तिसरा कुठं ते त्याच्या आईला उच्चारता येत नाही. सुहासिनीमावशी पर्समध्ये मुलाचा फोटो घेऊन फिरतात, मोटारीला टेकून उभा असलेला. तिथून येणाऱ्या प्रत्येक फोटोत आधी मोटार दिसते आणि मग मुलगा. एका मोटारीसाठी? बर्फ ठेवायच्या कपाटासाठी? कपाट तरी कशाला, तिथं दाराबाहेर बर्फच पडलेला असतो! या देशाच्या पैशावर शिकायचं, आणि मग त्याला पाठ दाखवायची. इथं बाँब आणि पोलिसांच्या गोळ्यांत शहर जळतंय. रोज कुणाचा ना कुणाचा मुलगा घरी परत येत नाही. अशा वेळी इथं कुणी राहायचं, फक्त मूर्खांनी?

तुझा एक फोटो पाठव. मोटारीशिवाय.

दिगंबर

ता.क. वरच्या कोपऱ्यात खोडलंय ते वाचू नकोस.


कलकत्ता
९ फेब्रुवारी १९७१

प्रिय मंदा,

फोटो मिळाला. पांढरा कोट तुला ढगळ आहे. मागे ते कपाटासारखं यंत्र आहे ते कशाचं? आईनं फोटो बघून विचारलं, "ही दवाखान्यात का आहे? बरी आहे ना?" मी सांगितलं, ती जंतू वाढवते. आई म्हणाली, "त्यासाठी एवढ्या लांब?"

तू कारण लिहिलंस ते मी पुन्हापुन्हा वाचलं. प्राध्यापकानं तुला विचारलं, "हे असं का झालं असेल, तुला काय वाटतं?" आणि मग तो गप्प बसून उत्तराची वाट बघत राहिला. तू लिहितेस, "मला वाटलं, आता हा स्वतःच सांगेल. तो सांगेना. इतका वेळ कुणी माझ्या उत्तरासाठी थांबलंय याची मला सवयच नव्हती. इथं थंडी आहे, जेवण बेचव आहे, दादाच्या घरी वहिनीचं आणि माझं जमत नाही, पण तो माणूस थांबला, दिगू." आता यावर काय भांडू? मोटार असती तर भांडलो असतो.

खोडलेलं वाचणं हा गुन्हा आहे. वाचलंसच तर मान्य करतो, मी लिहिलं होतं, 'मीच तिकडे येऊ का?' तुझं उत्तर मला पाठ झालंय. "माझ्यासाठी येऊ नकोस. माझ्यासाठी आलास तर इथं पडणाऱ्या सगळ्या बर्फाला मी जबाबदार, तुला नोकरी लागली नाही तर मी जबाबदार, तुला घर आठवलं तर मी. मला ते झेपणार नाही. तुझं स्वतःचं कारण असेल तर ये. नसेल तर तिथंच राहा, मी रागावणार नाही." रागावणार नाहीस हेच सगळ्यात वाईट.

बरं, एक लपवलेलं सांगतो. मी रोज सकाळी पूल ओलांडून हावड्याला जातो. तू समजत असशील नोकरीसाठी अर्ज लिहीत बसतो. तसं नाही. हाराधनबाबू म्हणून आहेत, त्यांचा लहानसा कारखाना आहे, चटकलांच्या, म्हणजे तागाच्या गिरण्यांच्या, यंत्रांचे सुटे भाग बनतात, तिथं मी लेथ शिकतोय. बाबांना वाटतं लायब्ररीत जातो. शाळामास्तराचा मुलगा, हात काळे करून येतो, हे त्यांना कसं सांगू? नखं मी घाटावरच घासून येतो.

पहिल्या आठवड्यात मी इतकी टूलं मोडली की हाराधनबाबू म्हणाले, "दिगंबर, लोहार शोंगे झगडा कोरो ना." लोखंडाशी भांडू नकोस. लेथवर चिडून चालत नाही, मंदा. हात हळू फिरवला की लोखंडाची निळसर कुरळी साल सुटत जाते, आणि खाली असं काही चकचकीत निघतं की वाटतं हे आपण केलं? मी आजवर काहीच केलं नव्हतं. नुसता चिडलो होतो.

तुझा,
दिगू


कलकत्ता
२० जुलै १९७१

प्रिय मंदा,

पत्राला उशीर झाला. कारखाना आठवड्यातून तीन दिवस चालतो. कधी वीज नाही, कधी बंद, कधी मोर्चा, कधी लोखंडच नाही. एक शाफ्ट, यंत्राचा दांडा, मी अर्धा कातून ठेवलाय, माझ्या लेथपर्यंत वीजच पोचत नाही, म्हणून तो महिनाभर तसाच आहे, त्यावर गंज चढतोय. मी जाऊन त्याला तेल लावून येतो, आजारी माणसाला बघून यावं तसा.

म्हणून रिकाम्या दिवशी मंडळातल्या लोकांबरोबर सॉल्ट लेकला जातो. पूर्व बंगालहून लोक आलेत, किती ते मोजायच्या पलीकडे. तिथं तुला आठवतं ना, नुसती वाळू आणि कुठंकुठं अर्धवट घरं? तिथं गटारासाठी आणलेले सिमेंटचे प्रचंड पाइप पडलेत. एकेका पाइपात एकेक कुटुंब. आम्ही तांदूळ वाटतो.

मागच्या वर्षी मी तुला लिहिलं होतं, 'तुम्ही लोक का जाता?' हा प्रश्न तिथं मनात आणायचीसुद्धा लाज वाटते.

एक शिंपी आहे, खुलन्याचा. बायकोमुलांसह चालत आला. मी तांदूळ मापून देत होतो, तर तो काय म्हणाला असेल? "तुमच्या इथले मासे बेचव." मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला मासे मिळाले तरी कुठं?" म्हणाला, "मिळाले नाहीत. बाजारात बघूनच कळलं." पाइपातली सगळी माणसं हसली. मग माझ्या बंगालीकडे कान देऊन त्यानं विचारलं, "आपनार देश कोथाय?" इथं देश म्हणजे मूळ गाव. मी सांगितलं, इथलाच, भवानीपूर. "ना ना, देश?" मग म्हणालो, "सातारा." कधी आलात? म्हटलं, मी नाही, आजोबा आले, दोन वर्षांसाठी नोकरीला. तो मांडीवर थाप मारून म्हणाला, "ता होले आपनिओ बांगाल!"

बांगाल म्हणजे पलीकडून आलेला, इकडचे लोक त्यांना हिणवून म्हणतात तो शब्द. म्हणजे मीसुद्धा उपराच! मी जन्मभर तोंड वर करून हिंडलो, जणू हुगळी आमच्या वडिलोपार्जित विहिरीतून निघते. आणि माझा आजोबा सातारा सोडून आला तेव्हा त्यालाही कुणीतरी म्हणालंच असेल, 'इथं काय कमी होतं?'

तो शिंपी आता पाइपाच्या तोंडाशी कात्री घेऊन बसतो. कुणीतरी त्याला दिली. फाटकी धोतरं शिवतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला माशांबद्दल ऐकवतो.

तुझा,
दिगू


कलकत्ता
५ सप्टेंबर १९७१

प्रिय मंदा,

घरात स्फोट झाला. झाला म्हणजे मीच केला.

जेवताना बाबांनी विचारलं, "लायब्ररीत हल्ली काय वाचतोस?" मी त्या दिवशी न घासलेल्या काळ्या नखांचा हात ताटाजवळ ठेवला आणि सगळं सांगितलं. हावडा, लेथ, आणि दिल्लीला कॅनडाच्या हायकमिशनकडे अर्ज टाकलाय तेही. (हे तुलाही सांगितलं नव्हतं. आता कळलं.)

बाबांनी ताटातला वरणभात कालवला. मग म्हणाले, "मास्तराच्या मुलानं मिस्त्री व्हायचं, आणि तेही सातासमुद्रापलीकडे जाऊन. इथं काय कमी आहे?"

मी तोंड उघडायच्या आत आई बोलली. तुला माहीत आहे, आई बाबांसमोर फारशी बोलत नाही.

"अहो, मी सांगलीहून इथं आले तेव्हा मला कुणी विचारलं होतं का, तिथं काय कमी आहे म्हणून?"

"ती गोष्ट वेगळी, मालती."

"कशी वेगळी? अक्षता पडल्या आणि थेट हावडा स्टेशन. ओळखीचं माणूस एक नाही, पाण्याची चव वेगळी, भाषा कळत नाही. भाजीवाल्याला मुकीसारखी बोटं दाखवायचे. बायका परदेशी जातातच, फक्त त्यांना कुणी हार घालून फोटो काढत नाही."

"मग तू इथं रमलीस कधी?" मी विचारलं.

आई हसली. "भाजीवाल्यानं कुजकी वांगी दिली, तेव्हा. मी त्याच्याशी बंगालीत भांडले. अख्खी गल्ली ऐकत होती. घरी आले, पिशवी ठेवली, आणि वाटलं, आता ही गल्ली आपली."

बाबा म्हणाले, "म्हणजे हा तिथं जाऊन इंग्रजीत भांडेपर्यंत थांबायचं?"

"याला फार वेळ लागणार नाही," आई म्हणाली.

हसलो, पण बाबा हसले नाहीत. हात धुऊन आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "खरं सांग, त्या मुलीसाठी चाललास ना?"

मंदा, मी पहिल्यांदाच उत्तर द्यायच्या आधी थांबलो. तुझा तो प्राध्यापक थांबतो तसा. आणि म्हणालो, "तिच्यासाठी असतं तर सोपं होतं, बाबा. इथं राहिलो तर चिडणं हाच माझा धंदा होईल. मला त्यात चांगलं जमायला लागलंय, त्याचीच भीती वाटते. मला हातात घेतलेली वस्तू पुरी करून बघायचीय."

"म्हणजे पळतोयस."

"हो. थोडा."

त्यांना हे उत्तर अपेक्षित नसावं. ते शिकवणीच्या खोलीत गेले.

तुझी शपथ, त्यात तुझं नाव कुठं नव्हतं. म्हणजे मनात होतं. पण कारणात नव्हतं.

तुझा,
दिगू


कलकत्ता
२ मे १९७२

प्रिय मंदा,

हे पत्र माझ्या आधी पोचतं की मी पत्राच्या आधी, ते पोस्टखात्यावर सोडलं. व्हिसा मिळाला. तिकिटाचं कसं जमवलं ते विचारू नकोस, चोरी केलेली नाही एवढं पुरे. टॅक्सी सांगितलीय, तेवढ्यात लिहितोय.

दिल्लीची मुलाखत तुला सांगायची राहिली. मी मोठं भाषण पाठ करून गेलो होतो. समोर एक तांबूस केसांचा साहेब, नाकावर घाम. "कॅनडात का राहायचंय?" भाषण विसरलो. म्हटलं, "साहेब, माझा एक शाफ्ट कित्येक महिने अर्धाच पडलाय. मला पुरा करायचाय. तुमच्याकडे वीज जात नाही असं ऐकतो." तो म्हणाला, "वादळात जाते कधीकधी. तिकडे कुणी आहे तुमचं?" मी म्हटलं, "आहे, पण नाव सांगणार नाही. मी तिच्यासाठी येत नाहीये." त्यानं पेन खाली ठेवलं. "हे तिला माहीत आहे?" मी म्हटलं, "तिनंच अट घातलीय." तो इतका हसला की शेजारच्या खोलीतून बाई डोकावली. मग त्यानं माझे हात बघायला मागितले. डिग्री नाही हे बघितलं होतंच, हातही बघितले, आणि म्हणाला, "विनिपेगला शेतीची यंत्रं बनवणारे लेथवाले शोधतायत."

तर मी विनिपेगला चाललोय. तुझ्या हॅमिल्टनला नाही. नकाशात बघितलं, मध्ये आगगाडीच्या दोन रात्री आहेत. हे अंतर मी मुद्दाम निवडलं असं समजू नकोस, मला तर पुढच्या गल्लीत राहायचं होतं. पण काम तिथं आहे, आणि कारण माझं आहे. थंडी पडली तर ती विनिपेगची, नोकरी गेली तर माझी. तू कशालाच जबाबदार नाहीस. तुला वाटेल तेव्हा बोलाव, किंवा तूच ये. नाही वाटलं तर पत्र लिही. आणि खोडू नकोस, जे असेल ते सरळ लिही.

सॉल्ट लेकचे बरेच लोक परत गेले, त्यांचा देश आता नवा झालाय. शिंपी गेला नाही. म्हणतो, गिऱ्हाईक बसलंय. माशांना मात्र अजून नावं ठेवतो. मी काल निरोप घ्यायला गेलो तर म्हणाला, तिकडचे मासे कसे आहेत ते कळव. तर तेही एक काम आहे.

कारखान्यातही जाऊन आलो. हाराधनबाबूंनी दिवसभर वीज असेल असा दिवस धरून मला लेथ मोकळा करून दिला. शाफ्टवरचा गंज उतरवला, उरलेलं कातलं, संध्याकाळी मापाला लावून बघितलं. बसला. त्यांनी तो फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवला. कुणाची ऑर्डर होती ती केव्हाच रद्द झालीय, तरी.

बाबा दमदमला येणार नाहीत. आज मुद्दाम जादा तास ठेवलाय. भिंतीपलीकडून आवाज येतोय, नेहमीपेक्षा चढा. वेगाची गणितं चाललीयत. एका पोरावर ओरडताहेत, "अरे, गाडी स्थानकातून सुटली की एकदम वेग धरत नाही! आधी हळूच हलते, मग... लिही, मग वेग वाढत जातो!" पोरगा बिचारा काय चुकला कोण जाणे. मी मघाशी त्या खोलीत जाऊन पाया पडलो. त्यांनी फळ्यावरून हात काढला नाही, डाव्या हातानं माझ्या डोक्यावर जरा जोरातच थोपटलं. केसांत खडूची भुकटी पडलीय. झटकत नाही.

आई गॅलरीतून ओरडतेय, "दिगू, गाडी आली. दार उघडंच राहू दे, मी लावते." नको, आई. या घराचं दार मी आजवर आपटूनच लावलंय. आत गणित चाललंय. आज बॅग खाली ठेवतो, बाहेर उभा राहतो आणि दोन्ही हातांनी, कडी न वाजवता ओढून घेतो.

तुझा,
दिगंबर